वीर्यद्रवातले निरोप : सायटोकाईन सापडलं, पण ते काम करतंय का?

पेट पास होऊन गाईडच्या शोधात असलेले किंवा एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, जनावरांच्या वीर्यातल्या सायटोकाईनवर काम करायचंय. किट कोणतं घेऊ?" विषय उत्तम आहे. जळगाव-धुळ्याकडे बहुतेकांच्या घरी नाही तर शेजारी गोठा आहे, त्यामुळे विषयाची नाळही जवळची. पण किट ही फार नंतरची गोष्ट. आधी कळस मग पाया असं करून चालत नाही. म्हणून आज किटच्या आधीचं सगळं बोलू. ही रेणूमंडळी कोण, ती तिथं काय करतात, आणि "सापडलं" ते "काम करतं" या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे.

सुरुवात एका साध्या हिशोबाने करू.

एका स्ट्रॉचा हिशोब

वळूच्या एका वेळच्या वीर्याचं प्रमाण साधारण ४ ते ८ मिली असतं. आपण ६ मिली धरू. प्रत्येक मिलीत सुमारे १०० कोटी शुक्राणू धरू. आपल्याकडे गोठीत वीर्याची स्ट्रॉ ०.२५ मिलीची असते आणि तिच्यात साधारण २ कोटी शुक्राणू भरले जातात. म्हणजे १ मिली वीर्यातून ५० स्ट्रॉ झाल्या. उलट बाजूने पाहिलं तर एका स्ट्रॉमध्ये मूळ वीर्य फक्त ०.०२ मिली. उरलेलं सगळं एक्सटेंडर, म्हणजे अंड्याचा बलक, बफर, ग्लिसरॉल वगैरे.

आता तुलना करा. वळू गायीला लागतो तेव्हा ६ मिली वीर्य जातं. कृत्रिम रेतनात त्याच्या ३०० वा हिस्सा जातो. तरीही गाय गाभण राहते. पुणे जिल्ह्यातल्या उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेली बाएफ संस्था असो, किंवा महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या गोठीत वीर्य प्रयोगशाळा असोत, हे सगळं काम याच पातळ केलेल्या वीर्यावर उभं आहे.

मग प्रश्न असा की, ज्या द्रवाचा ३०० वा हिस्सा देऊनही काम भागतं, त्यातल्या रेणूंना "महत्त्वाचे" म्हणायचं कशाच्या जोरावर? हा प्रश्न डोक्यात ठेवून पुढे वाचा.

वीर्यद्रव म्हणजे काय

वीर्यातून शुक्राणू बाजूला काढले की जे उरतं ते वीर्यद्रव, म्हणजे सेमिनल प्लाझ्मा. याचा थोडा भाग वृषण आणि एपिडिडायमिसमधून येतो. मोठा भाग व्हेसिक्युलर ग्रंथी, प्रोस्टेट आणि बल्बोयुरेथ्रल या सहायक ग्रंथींमधून येतो. त्यात साखर, क्षार, विकरं, हार्मोन्स, भरपूर प्रथिनं आणि आपले सायटोकाईन असतात.

जनावर बदललं की चित्र बदलतं. बोकड आणि मेंढा यांचं वीर्य जेमतेम १ मिलीच्या आसपास, पण अतिशय दाट. घोड्याचं ५० मिली किंवा त्याहून जास्त. डुकराचं तर २०० मिलीच्या वर जातं.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा, आणि तो विद्यार्थी विसरतात. वीर्य पडतं कुठे? गाय, शेळी, मेंढी यांच्यात नैसर्गिक संयोगावेळी ते योनीमार्गात, गर्भाशयमुखाजवळ पडतं. घोडी आणि डुकरीण यांच्यात ते थेट गर्भाशयात पोचतं. उंदरातही तेच. म्हणजे उंदराच्या गर्भाशयात वीर्यद्रवाने जे घडवलं ते जसंच्या तसं गायीला लावता येत नाही, कारण गायीच्या गर्भाशयात तो द्रव त्या प्रमाणात जातच नाही.

शुक्राणू परका असतो

आता रोगप्रतिकारक यंत्रणा इथे कुठून आली ते बघू. शुक्राणू मादीच्या शरीराच्या दृष्टीने परक्या पेशी. आणि गंमत म्हणजे नराच्या शरीरालाही ते पूर्ण ओळखीचे नसतात. "हे आपलं, हे परकं" ही ओळख शरीर लहानपणीच ठरवतं, शुक्राणू मात्र वयात आल्यावर तयार होतात. म्हणून वृषणात एक आडभिंत असते, जी रक्तातल्या प्रतिकारपेशींना शुक्राणूंपासून दूर ठेवते.

मादीच्या बाजूने प्रश्न आणखी मोठा आहे. शुक्राणू येतात आणि काही तासांत संपतात, पण गर्भ महिनोन्महिने राहतो, आणि त्याचे निम्मे जनुक बापाचे. मग आईचं शरीर त्याला नाकारत का नाही? हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ साली नेमक्या शब्दांत मांडला. अवयवरोपण आणि प्रतिकारसहिष्णुतेवरच्या कामासाठी पुढे १९६० साली त्यांना नोबेल मिळालं, पण गर्भाचा हा प्रश्न अजूनही संशोधकांना पुरून उरलाय.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा वीर्यद्रवात असावा, असं गेल्या तीन दशकांत पुढे आलं. वीर्यद्रव म्हणजे शुक्राणूंना वाहून नेणारं नुसतं पाणी नाही, त्यात मादीच्या प्रतिकारयंत्रणेसाठी निरोपही असतात, ही ती कल्पना.

निरोप्यांची ओळख

सायटोकाईन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले छोटे प्रथिनरूपी निरोप. कोणी म्हणतं "इकडे या, धोका आहे", कोणी म्हणतं "शांत व्हा, आपलंच माणूस आहे". एकच सायटोकाईन जागा आणि वेळ पाहून दोन्ही बोलू शकतं. म्हणून "चांगलं सायटोकाईन, वाईट सायटोकाईन" अशी वाटणी करायची सवय आत्ताच मोडा.

या विषयात वारंवार भेटणारी काही नावं सांगते. टीएनएफ-अल्फा, आयएल-६ आणि आयएल-८ ही बहुधा दाह वाढवणारी. त्यातलं आयएल-८ न्यूट्रोफिल पेशींना बोलावतं. आयएल-१० बहुधा दाह आवरणारं. जीएम-सीएसएफ प्रतिकारपेशींना वाढवतं आणि भ्रूणालाही आधार देतं. आणि या सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं म्हणजे टीजीएफ-बीटा.

टीजीएफ-बीटा वीर्यद्रवात भरपूर असतं. माणसाच्या वीर्यद्रवातलं त्याचं प्रमाण इतकं जास्त की तुलनेला चिकाचंच नाव घ्यावं लागतं. हो, ज्याचा आपण खरवस करतो तोच चीक. पण वीर्यद्रवातलं बहुतेक टीजीएफ-बीटा झोपलेल्या, म्हणजे निष्क्रिय अवस्थेत असतं. मादीच्या मार्गातलं आम्ल आणि प्लाझ्मिनसारखी विकरं त्याचं वेष्टण काढतात, मग ते जागं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मोजमापाच्या वेळी उपयोगी पडेल.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठात सारा रॉबर्टसन यांच्या गटाने उंदरांत १९९८ साली दाखवलं की वीर्यद्रवातलं टीजीएफ-बीटा-१ गर्भाशयाच्या अस्तराला जीएम-सीएसएफ बनवायला लावतं, आणि त्यामागोमाग प्रतिकारपेशी तिथं गोळा होतात. म्हणजे आधी छोटासा, आटोक्यातला दाह होतो. त्यातून जास्तीचे शुक्राणू आणि जंतू साफ होतात. पुढे बापाच्या प्रथिनांची "ओळख" करून घेऊन सहन करायला शिकवणाऱ्या टी-पेशी तयार होतात.

याच गटाने २००४ साली डुकरिणीत काम केलं. गर्भाशयात वीर्यद्रव सोडल्यावर अस्तरातली सायटोकाईनची जनुकं जागी झाली, प्रतिकारपेशी आल्या, आणि काही दिवसांनी भ्रूणांची स्थितीही सुधारलेली दिसली. २०१४ साली त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. ज्या उंदरांच्या व्हेसिक्युलर ग्रंथी काढून टाकल्या होत्या, त्यांची पिल्लं तपासली. गर्भधारणा कमी झालीच, पण जन्मलेल्या नर पिल्लांत मोठेपणी लठ्ठपणा आणि चयापचयाचे दोषही दिसले.

हे वाचून कोणालाही वाटेल की झालं, वीर्यद्रव म्हणजे सगळ्याची गुरुकिल्ली. आता गायीकडे वळू.

गाय वेगळंच सांगते

वरचा स्ट्रॉचा हिशोब आठवा. गायीत वीर्यद्रव जवळजवळ वगळूनही गर्भधारणा होते, जन्मलेली वासरं वाढतात, दूध देतात. २००९ साली अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गायींवरच्या एका अभ्यासात रेतनाच्या वेळी गर्भाशयात वीर्यद्रव किंवा टीजीएफ-बीटा-१ सोडून पाहिलं. गर्भधारणेच्या दरात सरसकट ठळक फायदा दिसला नाही.

उलट, साठवणुकीच्या वेळी वीर्यद्रव त्रासदायकही ठरतो. वळूच्या वीर्यद्रवातली मोठा वाटा असलेली बीएसपी प्रथिनं शुक्राणूच्या आवरणातून कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड ओढून काढतात. मादीच्या मार्गात हे थोड्या वेळासाठी गरजेचं असतं, पण बाटलीत तासन्‌तास चाललं तर शुक्राणू दुबळा होतो. बलकातली मेदप्रथिनं या बीएसपीला बांधून ठेवतात, म्हणून एक्सटेंडरमध्ये बलक. बोकडात तर आणखी अडचण. त्याच्या बल्बोयुरेथ्रल ग्रंथीतलं विकर बलक किंवा दुधाच्या एक्सटेंडरशी मिळून शुक्राणूंना मारक ठरतं. म्हणून शेळीचं वीर्य गोठवताना अनेक ठिकाणी ते धुऊन वीर्यद्रव काढूनच टाकतात. उस्मानाबादी किंवा संगमनेरी बोकडाच्या वीर्यावर काम करणार असाल तर ध्यानात ठेवा, धुतलेल्या वीर्याबरोबर तुमचे सायटोकाईनही गेले.

मग गायीत वीर्यद्रव निरुपयोगी म्हणायचा का? तसंही नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात गॅरी किलियन यांच्या गटाने १९९३ साली वळूंच्या वीर्यद्रवातली प्रथिनं आणि त्यांची प्रत्यक्ष जननक्षमता यांची सांगड घातली. दोन प्रथिनं चांगल्या वळूंमध्ये जास्त होती, दोन कमी क्षमतेच्या वळूंमध्ये. चांगल्यांपैकी एक पुढे ऑस्टिओपाँटिन निघालं, जे प्रतिकारयंत्रणेतही निरोप्याचं काम करतं. म्हणजे संबंध आहे. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. चांगल्या वळूच्या ग्रंथी निरोगी असतात म्हणून ते प्रथिन जास्त असेल, हीही शक्यता उरतेच.

घोडीने दिलेलं उत्तर

आता सारंगखेड्याला चला. पूर्वी धुळे जिल्ह्यात, १९९८ पासून नंदुरबारमध्ये असलेलं हे तापीकाठचं गाव. दत्तजयंतीला तिथं भरणारा घोडेबाजार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथं लाखांत बोली लागणारी घोडी पुढे गाभण राहत नसेल, तर मालकाची एक अडचण अशी असू शकते की संयोगानंतर तिच्या गर्भाशयातला दाह वेळेत शमत नाही.

घोडीत शुक्राणू थेट गर्भाशयात पडतात, आणि तिथली कॉम्प्लिमेंट यंत्रणा लगेच जागी होते. न्यूट्रोफिल धावून येतात. निरोगी घोडीत एकदोन दिवसांत साफसफाई होऊन सगळं शांत होतं. पण दाह चालू असतानाच दुसऱ्यांदा रेतन केलं तर? नव्याने आलेले चांगले शुक्राणूही न्यूट्रोफिलच्या तावडीत सापडतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात २००४ साली नेमकं हेच तपासलं. आधीच दाह असलेल्या गर्भाशयात ताजं वीर्य सोडलं. एकदा वीर्यद्रवासह, एकदा वीर्यद्रवाऐवजी फक्त एक्सटेंडरमध्ये. वीर्यद्रवासह २२ पैकी १७ वेळा गर्भधारणा झाली, म्हणजे ७७ टक्के. वीर्यद्रवाशिवाय २२ पैकी फक्त १, म्हणजे ५ टक्के.

कारणही हळूहळू उलगडलं. घोड्याच्या वीर्यद्रवातली काही प्रथिनं न्यूट्रोफिलला जिवंत शुक्राणूंना चिकटू देत नाहीत, मेलेल्यांना मात्र उचलू देतात. शिवाय न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचं जाळं फेकून शुक्राणू अडकवतात, आणि वीर्यद्रवातलं डीएनएज हे विकर ते जाळं तोडतं. २००५ साली हेही प्रसिद्ध झालं.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा इथे आहे. निरोगी गर्भाशयात वीर्यद्रवाविना भागतं. दाह असलेल्या गर्भाशयात त्याच्यावाचून अडतं. म्हणजे "वीर्यद्रव गरजेचा आहे का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा : कोणत्या जनावरात, वीर्य कुठे पडल्यावर, गर्भाशयाच्या कोणत्या अवस्थेत तो गरजेचा आहे? वर ज्या हिशोबाने आपण सुरुवात केली, त्याचं उत्तरही यातच आहे. गायीतल्या कृत्रिम रेतनाचं यश वीर्यद्रवातले निरोप खोटे ठरवत नाही, ते कुठे लागत नाहीत एवढंच सांगतं.

चार पायऱ्या

पेपर वाचताना आणि स्वतःचा प्रस्ताव लिहिताना या चार पायऱ्या वेगळ्या ठेवा.

पहिली पायरी, आढळ. अमुक रेणू या द्रवात आहे.

दुसरी, संबंध. तो कमी-जास्त असला की जननक्षमताही कमी-जास्त दिसते.

तिसरी, कार्य. तो रेणू काढला तर परिणाम जातो, परत टाकला तर परिणाम येतो.

चौथी, उपयोग. गोठ्यात, खऱ्या जनावरात, परवडणाऱ्या खर्चात त्याचा फायदा होतो.

पहिल्या पायरीवरचे पेपर ढिगाने आहेत. दुसऱ्या पायरीवरचे बरेच आहेत. तिसऱ्यावर मोजके. चौथ्यावर अगदी थोडे. गडबड होते ती पहिल्या पायरीवर उभं राहून चौथीची भाषा बोलल्याने. "आयएल-६ आढळलं, त्यामुळे वळूची निवड करता येईल" असं वाक्य दिसलं की पेन्सिलने खूण करा.

उलट्या दिशेने गेलेलं एक सुंदर उदाहरण सांगते, जरी तो रेणू प्रतिकारयंत्रणेचा नसला तरी. १९८५ साली चीनमध्ये दिसलं की दोन मदारींच्या उंटाचा वीर्यद्रव दिल्यावर सांडणीत अंडमोचन होतं. परिणाम आधी हातात आला. मग संशोधक वर्षानुवर्षं द्रवाचे भाग पाडत राहिले, आणि २०१२ साली लामावरच्या कामातून तो घटक म्हणजे चेतातंतूंना वाढवणारं बीटा-एनजीएफ आहे हे नक्की झालं. २७ वर्षं लागली. त्यांच्याकडे सुरुवातीला किट नव्हतं, प्रश्न होता.

मोजायला बसण्याआधी

आता किटकडे येऊ.

एक, प्रमाणाचा अंदाज घ्या. समजा वीर्यद्रवाच्या १ मिलीत एकूण प्रथिन ५० मिलिग्रॅम आहे आणि तुमचं सायटोकाईन ५० पिकोग्रॅम. म्हणजे १०० कोटींत एक. ज्वारीच्या भाषेत सांगायचं तर ३०० क्विंटलच्या ढिगातून एक दाणा शोधायचाय. इतर प्रथिनांच्या गर्दीत किट फसू शकतं. म्हणून नमुना दुप्पट, चौपट पातळ करून आकडा त्याच प्रमाणात उतरतो का ते बघा. माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम घालून ते पूर्ण परत मिळतं का तेही बघा. हे दोन्ही केल्याशिवाय एकही खरा नमुना लावू नका.

दोन, माणसाचं किट जनावराला सरसकट चालत नाही. गायीचं आयएल-८ ओळखणारी अँटीबॉडी हवी. म्हशीसाठी गायीचं किट वापरणार असाल तर ते चालतं हे आधी दाखवावं लागेल.

तीन, टीजीएफ-बीटा मोजताना जागं किती आणि एकूण किती हे ठरवा. एकूण मोजायला नमुन्याला आधी आम्ल देऊन मग उदासीन करावं लागतं. दोन पेपरांतले आकडे जुळत नसतील तर बऱ्याचदा कारण इथेच सापडतं.

चार, नमुना गोळा झाल्या झाल्या बर्फावर ठेवा आणि लवकर सेंट्रिफ्यूज करा. पहिल्या फेरीनंतर वरचा द्रव काढून दुसरी फेरी द्या. वीर्यात प्रथिनं तोडणारी विकरं असतात, आणि शुक्राणू फुटले तर त्यांच्या आतलं सगळं बाहेर येऊन "वीर्यद्रवात सापडलं" अशी नोंद होते. छोट्या छोट्या कुप्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवा. एकच कुपी परत परत वितळवू नका.

पाच, स्रोत तपासा. आयएल-८ जास्त आलं तर आनंद मानायच्या आधी स्लाईडवर पांढऱ्या पेशी मोजा. व्हेसिक्युलर ग्रंथीला संसर्ग असेल तर हे रेणू वाढणारच. तेव्हा तुम्ही जननक्षमतेची खूण नाही, आजाराची खूण मोजताय.

सहा, एन म्हणजे वळू. ५ वळूंचे प्रत्येकी १० नमुने घेतले तर तुमचा एन ५ आहे, ५० नाही. डुकरासारख्या प्राण्यात तर एकाच वीर्याच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या भागांत सायटोकाईनचं प्रमाण वेगळं असतं, स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठाच्या गटाने ते दाखवलंय. त्यामुळे कोणता भाग घेतला हेही लिहा.

सात, जननक्षमतेचा आकडा कुठून आला ते विचारा. एखाद्या वळूच्या २० रेतनांपैकी ८ यशस्वी झाली तर दर ४० टक्के. पण एवढ्या छोट्या आकड्यावर खरा दर २० पासून ६० पर्यंत कुठेही असू शकतो. ५०० रेतनं असतील तर ही अनिश्चितता ४-५ टक्क्यांवर येते. सायटोकाईन पिकोग्रॅममध्ये मोजायचं आणि जननक्षमता अंदाजपंचे धरायची, असं करू नका. आणि ४० रेणू एकदम तपासले तर ०.०५ च्या निकषाने त्यातले सरासरी २ नुसत्या योगायोगाने "महत्त्वाचे" ठरतील, हेही विसरू नका.

खान्देशात काय करता येईल

रावेर-यावलचा केळीपट्टा असो की साक्री-शिंदखेड्याची कोरडवाहू गावं, पशुपालकाची तक्रार एकच. "गाय उलटते." एकदा उलटली की २१ दिवस गेले. तीनदा उलटली की दोन महिने गेले, तेवढा चारा-ढेप फुकट, आणि पुढचं वेत लांबलं. शेवटी भाकड म्हणून ती बाजारात जाते. हा खर्च कुठल्याच पेपरच्या तक्त्यात नसतो, पण आपण ज्याला चौथी पायरी म्हटलं ती याच गोठ्यात असते.

गाय उलटण्याची कारणं अनेक. माज ओळखायला उशीर, रेतनाची वेळ चुकणं, खनिजांची कमतरता, गर्भाशयाचा दाह, स्ट्रॉची हाताळणी, वळू, किंवा भ्रूण. निरोप नराकडूनच येतात असंही नाही. गायीचा भ्रूण साधारण १६ व्या दिवसाच्या आसपास इंटरफेरॉन-टाऊ नावाचं सायटोकाईन सोडतो. तो निरोप पोचला नाही तर पीतपिंड विरघळतो आणि गाय पुन्हा माजावर येते. म्हणून गाय उलटली की सगळा दोष वीर्यद्रवाच्या माथी मारता येत नाही.

तरीही आपल्या भागात बसून विचारता येतील असे काही प्रश्न आहेत.

पहिला, उन्हाळा. भुसावळ-जळगावचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको. वळूत शुक्राणू तयार व्हायला ६१ दिवस लागतात, वर एपिडिडायमिसमधला प्रवास. त्यामुळे मेमधल्या उन्हाचा फटका शुक्राणूंवर जून-जुलैत दिसतो. पण सहायक ग्रंथींचा स्राव तर रोजचा. मग वीर्यद्रवातले सायटोकाईन आधी बदलतात आणि शुक्राणू नंतर, असं होतं का? तेच वळू वर्षभर पाहिले तर प्रत्येक वळू स्वतःचाच कंट्रोल होतो. छोट्या एनमध्येही बसणारा प्रश्न आहे.

दुसरा, धुतलेलं आणि न धुतलेलं बोकडाचं वीर्य. शेळीच्या गर्भाशयाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर दोन्हींचा परिणाम बघता येईल. कत्तलखान्यातून मिळणाऱ्या गर्भाशयावर हे होतं, जिवंत जनावराला हात लावावा लागत नाही. हा थेट तिसऱ्या पायरीचा प्रश्न आहे.

तिसरा, घोडीवरून सुचलेला. दाह असलेल्या गायीच्या गर्भाशयातले न्यूट्रोफिल वळूच्या वीर्यद्रवासमोर कसे वागतात? हेही आधी काचपट्टीवर आणि प्लेटमध्येच बघायचं.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते. यातलं काही वाचून उलटणाऱ्या गायीला कच्चा वीर्यद्रव सोडून पाहायचा मोह कोणाला झाला, तर तो तिथेच थांबवा. वीर्यातून ब्रुसेलासारखे जंतू आणि गोवंशीय हर्पीस विषाणू पसरतात. वीर्य केंद्रांवर वळूंची वारंवार तपासणी होते ती याचसाठी. जिवंत जनावरावरचा प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीनंतर आणि पशुवैद्यकासोबतच. नमुने वीर्य केंद्राकडून घेणार असाल तर लेखी परवानगी घ्या. केंद्रावर नापास झालेले नमुने सहज मिळतात, पण ते सगळे नापासच असतात. फक्त त्यांच्यावर काम करून चांगल्या वळूबद्दल बोलता येणार नाही.

प्रस्ताव लिहिण्याआधी

एक कोरा कागद घ्या. त्यावर एकच वाक्य लिहा : कोणतं जनावर, कोणता रेणू, कोणती अवस्था, आणि मी चारपैकी कोणत्या पायरीवर उभी किंवा उभा आहे. मग खाली लिहा, माझं उत्तर "नाही" आलं तरी ते छापण्यासारखं असेल का? असेल तर प्रश्न चांगला आहे. घोडीच्या अभ्यासात निकाल उलट आला असता तरी तो तितकाच महत्त्वाचा ठरला असता, कारण प्रश्नच तसा विचारला होता.

पहिल्या पायरीचं काम करण्यात कमीपणा काही नाही. म्हशीत, आपल्या खिल्लार गोवंशात, आपल्या शेळ्यांत अजून पुष्कळ पहिल्या पायरीचं काम बाकी आहे, आणि ते नीट केलं तर पुढचा माणूस त्यावर उभा राहू शकतो. फक्त ते पहिल्या पायरीचं आहे असं लिहा. शीर्षकात, निष्कर्षात आणि व्हायवातही.

तुमचं ते एक वाक्य तयार झालं की मला नक्की पाठवा. किटचं नंतर बघू.